नाव होते कसे?

चारही आकडे वेगळे असलेली एखादी चार आकडी संख्या कागदावर लिहा. समजा ३५२४. तिचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ५४३२ होतात, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की २३४५. वजाबाकी करा: ३०८७. आता हेच या उत्तरावर करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च येत राहते. अशा दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत याच मुक्कामाला पोचता.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही संख्या गणितज्ञांपुढे ठेवली. तिच्याविषयी लिहिले, स्वतः पुस्तिका छापल्या. पण अंकांचे असले खेळ म्हणजे खरे गणित नव्हे, असे मानणारेच आपल्याकडे अधिक होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

६१७४ ही संख्या १९४९ मध्ये जेवढी विलक्षण होती तेवढीच १९७५ मध्येही होती. मधल्या सव्वीस वर्षांत तिच्या गुणात काडीचीही भर पडली नव्हती. भर पडली ती एका सांगणाऱ्याची. माणसे आणि ठिकाणे प्रसिद्ध कशामुळे होतात, या प्रश्नाचा आढावा घेताना मला या सांगणाऱ्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण प्रसिद्धीविषयी बोलताना आपण ज्याचे नाव झाले त्याच्याकडेच पाहत राहतो आणि ज्यांनी ते नाव केले त्यांना विसरतो.

शब्दांनी आधीच सांगितलेले

आपली भाषा मात्र हे विसरलेली नाही. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ हे एकाच धातूचे शब्द. त्याचा अर्थ उच्चारणे, वर्णन करणे, सांगणे. ‘ख्याती’चे नाते ‘आख्यान’ आणि ‘व्याख्यान’ यांच्याशी आहे, तिथेही मूळ अर्थ सांगणे हाच. ‘विश्रुत’ म्हणजे ज्याच्याविषयी पुष्कळ ऐकले गेले असा. ‘लौकिक’ लोकांपासून निघाला. ‘गाजणे’ गर्जनेतून आले. म्हणजे कीर्ती ही गुणी माणसाच्या अंगची वस्तू आहे असे या शब्दांना वाटतच नाही. ती बोलणाऱ्याच्या तोंडात आणि ऐकणाऱ्याच्या कानात राहते.

आपली क्रियापदेही बघा. नाव होते, नाव निघते, नाव कमावतात, नाव काढतात, नाव राखतात. मुलगा बापाचे नाव काढतो, तेव्हा बापाच्या कीर्तीसाठी घाम मुलाने गाळलेला असतो. दुसऱ्याच्या नावासाठी कुणीतरी राबते, ही जाणीव आपल्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहे.

गुण किती, योग किती

मग गुणाला काहीच किंमत नाही का? आहे. पण ती किती, हे तपासण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत झाला. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी तो २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. अनोळखी वादकवृंदांची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. चौदा हजारांहून अधिक लोक ती ऐकायला आले. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना न सांगता आठ वेगळ्या गटांत विभागले होते आणि प्रत्येक गटाला, आपल्याआधी आपल्या गटातल्या किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले, हा आकडाही दिसत होता.

आठही गटांत गाणी तीच, पण गाजलेली गाणी प्रत्येक गटात वेगळी निघाली. अगदी उत्तम गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत आणि अगदी सामान्य गाणी सहसा शिखरावर चढली नाहीत. मात्र मधल्या गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. शिवाय दुसऱ्यांची पसंती दिसत असली की गाजलेले आणि न गाजलेले यांच्यातले अंतर वाढत होते. सुरुवातीला ज्याला चार माणसे अधिक मिळाली, त्याच्याकडे पुढची चाळीस ओढली गेली.

पैशाकडे पैसा जातो असे आपण म्हणतो, तेच नावाचे. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये शास्त्रज्ञांच्या जगाविषयी हेच दाखवले होते. दोन संशोधकांनी मिळून काम केले की श्रेय आधीच नावाजलेल्याच्या पदरात पडते. त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हणतात. तेव्हा गुणाविषयी एवढेच म्हणता येते: तो माणसाला किंवा गावाला दारापर्यंत आणतो. दार उघडायला दुसरेच कुणीतरी लागते.

एक कीर्तनकार, दोन क्षेत्रे

शिर्डी आणि शेगाव. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरे बुलढाण्यात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन्ही गावे आसपासच्या तालुक्यांपलीकडे फारशी कुणाला माहीत नव्हती. आज या दोन्ही ठिकाणी लाखो लोक जातात. दोन्हींच्या मागे तिथल्या सत्पुरुषांवरची श्रद्धा आहे, हे उघडच आहे. पण दोन्हींना जोडणारा एक माणूस आहे, गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच दासगणू महाराज. तरुणपणी ते पोलीस खात्यात नोकरीला होते, लावण्या आणि पोवाडे रचत. पुढे ते कीर्तनाकडे वळले.

दासगणू साईबाबांची तसबीर बरोबर घेऊन कीर्तने करत. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळातल्या त्यांच्या कीर्तनाची हकीकत ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथातच आली आहे. ते ऐकून ज्याने शिर्डी कधी पाहिली नव्हती असा गरीब नोकरदारही नवस बोलून बसला. ठाणे-मुंबईकडची मंडळी शिर्डीची वाट विचारू लागली ती अशा कीर्तनांतून. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. नंतर दहा-बारा वर्षांत गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांचे ओवीबद्ध सच्चरित ग्रंथरूपाने आले. १९७७ मध्ये ‘शिर्डी के साईबाबा’ हा हिंदी चित्रपट आला, त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’मधली साईबाबांवरची कव्वाली देशभर वाजली, आणि मराठी मुलखातले हे क्षेत्र उत्तरेपासून आंध्रापर्यंत सगळ्यांचे झाले. रेल्वे स्थानक आणि विमानतळ ही पुढची गोष्ट. आधी गोष्ट पोचली, मग गाडी.

शेगावच्या गजानन महाराजांची समाधी १९१० मधली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९३९ मध्ये, दासगणूंनी ‘श्रीगजाननविजय’ हा २१ अध्यायांचा ग्रंथ रचला. आज विदर्भात आणि बाहेरही घरोघरी त्याचे पारायण होते. या पारायणाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एकदा वाचून मिटलेले चरित्र कपाटात जाते, पारायणाचा ग्रंथ दर वर्षी पुन्हा उघडतो आणि प्रत्येक वाचणारा स्वतःच सांगणारा होतो. दासगणूंनी चरित्र तर लिहिलेच, पण ते पुन्हा पुन्हा सांगितले जाईल अशी रीतही त्याच्याबरोबर बांधून दिली.

शेगावला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना दासगणूंच्या आयुष्याविषयी चार वाक्ये सांगता येतील? या प्रश्नाने मला नेहमीच हळवे केले आहे. ज्याने दोन क्षेत्रांची कीर्ती गावोगाव पोचवली, त्याचे स्वतःचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तेवढे राहिले.

लेण्यांच्या तीन गोष्टी

ठिकाणांच्या प्रसिद्धीचा विचार करायला सह्याद्रीतल्या लेण्यांसारखी दुसरी शाळा नाही. वेरूळ, अजिंठा आणि पितळखोरा ही तिन्ही ठिकाणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत.

वेरूळ कधी विस्मरणात गेलेच नाही. ते वाहत्या रस्त्यावर होते, शेजारी घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग होते, जवळच देवगिरीचा किल्ला आणि खुलताबादचे दर्गे. यात्रेकरू, फौजा, व्यापारी, प्रवासी, कुणी ना कुणी तिथून जातच राहिले.

अजिंठ्याचे तसे झाले नाही. वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात कोरलेली ही लेणी. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात तिथे मोठे काम झाले, नंतर आश्रय आटला, आणि लेणी झाडीत गेली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ती दिसली, आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्राच्या अंगावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. याला ‘शोध’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण खाली लेणापूर नावाचे गाव होते. गावाच्या नावातच लेणी होती. डोंगरातल्या भिल्लांना ती ठाऊक होती. ठाऊक असणे आणि प्रसिद्ध असणे यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो. ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडे छापखाना नव्हता, संस्था नव्हती, दूरच्या माणसाला सांगण्याचे साधन नव्हते.

आणि स्मिथच्या कोरण्यानेही अजिंठा लगेच गाजला नाही. तो गाजला नक्कल करणाऱ्यांमुळे. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा पुन्हा अजिंठ्याला गेले आणि सगळे नव्याने उतरवले. त्यातलेही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत गेले. तरीही १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम आल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बसू आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. त्या नकलांतून अजिंठ्याची रेषा बंगालच्या चित्रकलेत उतरली. १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा त्या मान्यतेमागे दोनदा जळून तिसऱ्यांदा हाती घेतलेल्या या कुंचल्याचे श्रम होते.

आता पितळखोरा. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलात, दरीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. मी पावसाळा संपता संपता गेलो होतो. ओढ्याला पाणी होते, दगडी हत्तींची रांग ओल्या कातळातून बाहेर येत होती आणि दोन तासांत मला तिथे दुसरे कुणी भेटले नाही. ही लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्यातल्या आद्य लेण्यांच्या बरोबरीची. कधीकाळी तीही अनोळखी नव्हती. पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातल्या माणसाने, इथे खांबाचे दान दिल्याचा लेख आहे. त्या वेळी व्यापाराची वाट इथून होती. वाट मोडली, कातळ ठिसूळ निघाला, भित्तिचित्रे फार थोडी उरली आणि त्यांच्यासाठी तंबू ठोकून बसणारा गिल किंवा ग्रिफिथ्स आला नाही.

पण पितळखोऱ्याकडे एक गोष्ट आहे जी अजिंठ्याकडे नाही. तिथे सापडलेली, हसऱ्या चेहऱ्याच्या यक्षाची एक मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर, कान्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली, अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. अजिंठ्याचा पद्मपाणी जगाला माहीत आहे, पण तो रंगवणाऱ्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही. इथे कारागीर नावाने उभा आहे आणि त्याचे ठिकाण अप्रसिद्ध. ठिकाण, कृती आणि कर्ता या तिघांची कीर्ती एकाच वाटेने चालत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर मात्र आजही एक नाव वाचता येते: ज्याने एक रेषही काढली नाही त्या स्मिथचे.

पुन्हा पुन्हा येणारी वेळ

लोणंदहून तरडगावकडे जाताना ‘चांदोबाचा लिंब’ लागतो. एरवी रस्त्याकडेची साधी जागा. पण ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले पहिले उभे रिंगण इथे होते, आणि म्हणून महाराष्ट्राच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या वारकऱ्याला हे नाव पाठ असते. राजधानी नाही, बाजारपेठ नाही, थोर पुरुषाचे जन्मस्थान नाही. वर्षातून एकदा तिथे घोडा धावतो, एवढेच. पण दर वर्षी धावतो.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली: दिंड्यांचे क्रम, मुक्काम, रिंगणे. त्यातून सासवड, वाल्हे, वेळापूर, वाखरी ही गावे एका माळेत ओवली गेली. कीर्तीला आठवण लागते आणि आठवणीला वेळापत्रक. जयंती, पुण्यतिथी, उरूस, जत्रा ही सगळी आठवणीची वेळापत्रके आहेत. ज्याच्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवलेला असतो, त्याचे नाव सहसा बुडत नाही.

नाव बाजाराचे, हात गावाचे

वस्तूंमुळे गावे प्रसिद्ध होतात, असे आपण सहज म्हणतो. पण वस्तूला बहुधा नाव मिळते ते पेठेचे, करणाऱ्या गावाचे नव्हे. ‘नागपुरी’ संत्र्यांच्या बागा अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीत आणि काटोल-नरखेडच्या शिवारात पसरलेल्या आहेत. पैठणीचे नाव पैठणचे, पण आज तिच्या मागांची खटखट ऐकायची तर येवल्याला जावे लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांना. तिकडच्या अथणी गावचा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी बांधतो आणि त्याच्या चपलेवर अथणीचे नाव नसते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्याही मूळ सांगितल्याशिवाय. महाराष्ट्रात संताप उसळला आणि कंपनीला ते मूळ मान्य करावे लागले. तो संताप मला रास्त वाटतो. पण त्याच न्यायाने आपणही विचारले पाहिजे की दुकानातून जोडी घेताना तिला वेणी घालणाऱ्याचे नाव-गाव आपण कधी विचारले का? कीर्तीची उचलेगिरी फक्त परदेशातच होते असे नाही.

पहिला कोण, आणि कुणाच्या दृष्टीने?

प्रसिद्धीला पहिलेपणाचे मोठे आकर्षण आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन निघाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही. पण १८८८ मध्येच कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे चरित्र छापले. काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची, त्याच नावाचा चित्रपट २०१९ चा. प्रत्येक पिढीने त्यांची गोष्ट नव्याने सांगितली.

रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारून न्यायालयात लढा दिला, मग लंडनला जाऊन वैद्यकी शिकल्या, आणि सुरत व राजकोट इथे सुमारे पस्तीस वर्षे बायकांवर उपचार केले. त्या १९५५ पर्यंत जगल्या. आनंदीबाईंचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, रखमाबाईंचे सांगावे लागते. अकाली मिटलेल्या आयुष्याला गोष्टीचा आकार चटकन येतो. पस्तीस वर्षांच्या रोजच्या कामाला तो येत नाही. यात आनंदीबाईंचे मोठेपण कमी होत नाही. प्रसिद्धीची नजर कुठे अडते आणि कुठून घसरते, एवढेच यातून कळते.

चित्रपटाच्या पहिलेपणाचेही असेच आहे. मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये दाखवला गेला, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी. ‘श्री पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फिल्म लंडनला धुतली गेली. फाळक्यांनी सगळे इथे, आपल्या घरच्यांना कामाला लावून केले आणि पुढे चित्रपटांमागून चित्रपट काढले. मानाचे पान फाळक्यांकडे गेले याला सबळ कारणे आहेत. पण १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला, तेव्हा हा प्रश्न लोकांच्या मनातून जणू संपलाच. पुरस्काराला, विद्यापीठाला, चौकाला दिलेले नाव दर वेळी उच्चारावेच लागते.

काळाला प्रश्न पडतो तेव्हा

काही नावे वाट बघत थांबलेली असतात. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात शिकवायला सुरुवात केली, १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. सत्यशोधक मंडळींनी त्यांची आठवण जपली. पण पाठ्यपुस्तकात आणि सभा-समारंभात त्या पुढची कित्येक दशके जोतीरावांच्या पत्नी एवढ्याच ओळखीने राहिल्या. १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय काढले. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

हे उशिरा का झाले? कागद जुनेच होते. नव्या होत्या त्या वाचणाऱ्या. शिकून उभी राहिलेली बाई आणि शिकून उभा राहिलेला बहुजन समाज, दोघांनाही विचारावेसे वाटले की आपल्यासाठी पहिली पाटी कुणी हातात घेतली. प्रश्न विचारणारे वाढले तेव्हा उत्तराचे नाव झाले. म्हणून मला वाटते, एखाद्या समाजात कोण प्रसिद्ध आहे यापेक्षा कोण नव्याने प्रसिद्ध होत आहे, यावरून त्या समाजाचे मन अधिक ओळखता येते.

नावाची किंमत

प्रसिद्धी ठरवूनही घडवता येते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये असलेले भिलार स्ट्रॉबेरीसाठी ओळखले जाई. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव म्हणून उभे केले गेले आणि घराघरांतून पुस्तकांची दालने उघडली. हिवरे बाजारची वाट वेगळी. पोपटराव पवार सरपंच झाले त्यानंतर गावाने पाणी अडवले, चराई थांबवली, पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवली. तिथे आधी काम झाले, मग लोक पाहायला आले. अशी प्रसिद्धी गावाला पेलते, कारण तिच्याखाली पाया असतो.

सगळ्यांना ती पेलते असे नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. मान एकच, पण गर्दी लोटली ती कासवर. साताऱ्याहून गाडी थेट पठारापर्यंत जाते, ऑगस्ट ते ऑक्टोबर या थोड्या काळात सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवं यांचे गालिचे पसरतात, आणि मोबाइलच्या चौकटीत ते नेमके मावतात. कोयनेचे दाट रान तसे मावत नाही. जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोटभर मातीत उगवणारी ती फुले पायांखाली जाऊ लागली, तेव्हा आगाऊ नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली. गडांवरच्या अरुंद पायऱ्यांवर, घाटातल्या धबधब्यांच्या डोहांवर दर पावसाळ्यात हेच होते, आणि तिथे जीवही जातात.

पूर्वी सांगणारे थोडे होते आणि त्यांना पायी जावे लागे. दासगणूंना तसबीर घेऊन गावोगाव फिरावे लागले, ग्रिफिथ्सना तेरा वर्षे लागली. आता सांगणारे आपण सगळे आहोत आणि एका दुपारी एखादी दरी राज्यभर पोचवू शकतो. जे सामर्थ्य कीर्तनकाराकडे होते ते आपल्या खिशात आले आहे. त्याच्याबरोबर कीर्तनकाराची जबाबदारीही आली आहे: कोणाचे सांगतो, खरे सांगतो का, आणि सांगितल्यामुळे त्या माणसाचे किंवा त्या जागेचे बरे होईल का.

हातावरचे नाव

शेवटी खानदेशात जायला हवे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या रचत आणि गात. मुलगा सोपानदेव आणि घरची मंडळी ते टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी आईच्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या, अत्रे भारावले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. आपण कवयित्री म्हणून ओळखल्या जाऊ, हे त्यांना हयातीत कधीच कळले नाही.

या गोष्टीत गुण होता, टिपणारा हात होता, दाद देणारा रसिक होता आणि छापखाना होता. चारांपैकी एक जरी नसता तरी ही कविता खानदेशच्या मातीत जिरली असती. आणि तशा किती जिरल्या असतील? हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आईविषयीच्या, भावाविषयीच्या, सासुरवासाच्या, पंढरीच्या, बाबासाहेबांच्या. या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. शतकानुशतके जे ‘लोकगीत’ म्हणून कुणाचेच नव्हते, ते आता कुणाचे तरी आहे.

त्या बायका प्रसिद्ध होतील असे नाही. पण पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कान्हदासाने जे स्वतः केले, ते इथे दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासाठी केले आहे. मोठी कीर्ती कुणाला मिळावी हे आपल्या हाती नसते. त्यात वाट, वेळ, योग असे पुष्कळ काही येते. आपल्या हाती असते ते एवढे: चांगले काही कानावर आले, नजरेस पडले, की ते कुणाचे हे विचारायचे, लक्षात ठेवायचे आणि पुढे सांगताना नावानिशी सांगायचे. शेगावचे सांगताना दासगणूंचे, कोल्हापुरीचे सांगताना अथणीचे, आणि ओवी गाताना ती जिच्याकडून आली तिचे.